सोडून ठेवलेलं टोक

गुरुवार, ६

ही वही हॉस्पिटलातून मिळाली. पहिल्या पानावर सिस्टरनी रेघा मारून तीन रकाने करून दिलेत: बोटांचा रंग, बोटं गरम की गार, बोटं हलतात का. रोज दोनदा भरायचे. पुढची पानं पायाच्या बोटांसाठी, म्हणून मी वही उलटी करून मागून लिहायला घेतली आहे. शाळा सुटल्यापासून भिंतींच्या मापांपलीकडे काही लिहिलं नव्हतं. पण आज कुणाशी तरी बोलल्याशिवाय राहवेना आणि घरात आई आणि बायको दोघी गप्प बसल्या आहेत.

मुलगी सोळा दिवसांची आहे. नाव अजून ठरलेलं नाही. सारखी वळवळत असते म्हणून मी मुंगी म्हणतो. तिचे दोन्ही पाय जन्मतः आत वळलेले आहेत, तळवे एकमेकांकडे बघतात. माझा डावा पाय असाच आहे. मी अजूनही त्याच्या बाहेरच्या कडेवर चालतो. कामावर मला दीड म्हणतात, कारण धुळीच्या फरशीवरून गेलो की माझी दीडच पावलं उमटतात. मी घरांच्या भिंतींना पुट्टी लावतो. एकदा शिडीवर चढलं की पायाकडे कुणी बघत नाही, भिंतीकडे बघतात, आणि माझ्या भिंतीत खोट काढणारा अजून भेटायचा आहे.

डॉक्टरीणबाईंनी पोरीचा पाय हातात घेतला आणि जोर न लावता, बोलत बोलत, थोडासा बाहेर वळवला. तसाच धरून ठेवला आणि सिस्टरनी कापूस लपेटून वरून ओली प्लास्टरची पट्टी बोटांपासून मांडीपर्यंत गुंडाळली. मग दुसरा पाय. दर गुरुवारी नवीन प्लास्टर, दर वेळी पाय आणखी थोडा सरळ, असं पाच-सहा आठवडे चालणार. जुनं प्लास्टर मात्र आम्हीच घरी काढून यायचं. कापायचं मशीन इथे आहे, पण त्याच्या आवाजाला पोरं घाबरतात आणि कोवळ्या कातडीला लागायची भीती असते, असं सिस्टर म्हणाल्या.

त्यांनी माझ्याकडून सगळं दोनदा वदवून घेतलं. गुरुवारी सकाळीच काढायचं, बुधवारी नाही, कारण मोकळा पाय लगेच मागे फिरायला लागतो. कोमट पाण्यात थोडं व्हिनेगर घालून पाय बुडवायचे. प्लास्टर मऊ झालं की टोक धरून उलगडायचं. सुरी, कात्री, ब्लेड, काही म्हणजे काही लावायचं नाही. टोक सापडावं म्हणून मांडीच्या बाहेरच्या अंगाला त्या पट्टीचं टोक दुमडून मोकळं सोडतात. ते शेपटासारखं वर आलेलं मला काही बघवेना. आमच्या धंद्यात असं टोक सोडलं तर घरमालक दारात उभं करणार नाही.

निघताना बाईंनी माझ्या पायाकडे बघितलं आणि लहानपणी प्लास्टर केलं नव्हतं का, असं विचारलं. मी म्हणालो, माझे वडील सांगायचे की तेव्हा यावर इलाजच नव्हता.

"इलाज होता," त्या म्हणाल्या आणि पुढच्या बाळाकडे वळल्या.

परतीच्या दोन्ही बसमध्ये मला तेच ऐकू येत होतं. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. आपल्या पोरासाठी माणसानं हॉस्पिटलची पायरी चढायचे कष्टही घेऊ नयेत याचं मला नवल वाटतं, आणि रागही येतो.

शनिवार, ८

बोटं गुलाबी, गरम, हलतात. अंगठा दाबला की पांढरा पडतो, सोडला की रंग परत येतो. सिस्टर म्हणाल्या होत्या, एक-दोन म्हणेपर्यंत यायला हवा. येतो. मी दिवसातून दोनदा नाही, वीसदा बघतो.

पोर चांगलीच जड झाली आहे. माझी बायको म्हणते, कडेवर दोन विटा बांधल्यासारखं वाटतं. गुडघे वाकवूनच प्लास्टर केल्यामुळे ती बेडकासारखी दिसते. बायकोनं जुन्या चादरीची गुंडाळी करून तिच्या पायांखाली ठेवायची युक्ती काढली, तेव्हापासून जरा झोपते.

आईचं मात्र कळत नाही. पोर घरी आली तेव्हा आई तिला खाली ठेवायला तयार नव्हती. परवा आम्ही प्लास्टर घालून दारात आलो, आईनं ते पांढरे पाय बघितले आणि घासलेली भांडी पुन्हा घासायला बसली. तेव्हापासून तिनं मुंगीला एकदाही मांडीवर घेतलेलं नाही. बायको म्हणते, "आईंना काहीतरी खुपतंय. विचारा ना एकदा." मी काय विचारू? ज्या बाईनं मला या पायासकट वाढवलं तिला नातीच्या पायांचं एवढं काय वावडं?

गुरुवार, १३

आज पहिल्यांदा प्लास्टर काढलं.

साडेपाचला उठून मोरीत टब ठेवला. पाणी कोपर बुडवून बघितलं, बायकोनं परत बघितलं. मी व्हिनेगरची बाटली उघडली तोवर आईनं चपला घातल्या. म्हणे दूध आणते. दूध घरात होतं, मी पातेलं दाखवलं, तरी गेली. वेळेला घरातलंच माणूस असं पाठ फिरवतं तेव्हा काय बोलायचं.

बायकोनं पोरीला धरलं आणि मी ओल्या फडक्यानं पाणी सोडत राहिलो. पंधरा मिनिटं काहीच होईना. मग प्लास्टरचा टणकपणा गेला, ते चिखलासारखं लागायला लागलं आणि ते शेपूट बोटांत आलं. मी ओढलं तर तुटेल म्हणून घाबरत होतो. बायको म्हणाली ओढू नका, स्वेटर उसवतो तसं गोल गोल सोडा. तसं केलं आणि सुटत गेलं. हातभर, मग आणखी हातभर. कापूस निघाला आणि आतून सुरकुतलेला, पांढुरका, उंदराच्या पिल्लासारखा पाय बाहेर आला. मुंगीनं तो हवेत झाडला. आठवडाभर कोंडलेला पाय तिनं एवढ्या जोरात झाडला की मोरीभर पाणी उडालं, आणि आम्ही दोघं बरेच दिवसांनी हसलो.

सव्वा तास गेला. टाच जराशी खाली आली आहे असं मला वाटलं. हॉस्पिटलात बाई म्हणाल्या, बरोबर वाटलं. दुसरं प्लास्टर झालं. घरी आलो तर आई विचारते, "सगळं नीट झालं ना?" आणि उत्तर ऐकायच्या आधीच आत गेली.

सोमवार, १७

बोटं गुलाबी, गरम, हलतात. एका मोठ्या बैठकीच्या खोलीचं काम सुरू आहे, दिवसभर हात वर. कामावरचे विचारतात, काय दीड, पोरगी पूर्ण दोनची होणार का? मी म्हणतो, होणार. चिडवतात पण रोज विचारतात.

गुरुवार, २०

आज चाळीस मिनिटांत दोन्ही प्लास्टरं उतरवली. आता माझा हात बसला आहे. आई आज मिरच्या आणायला गेली. सकाळी सहाला कुठलं दुकान उघडं असतं?

हॉस्पिटलात तिसरं प्लास्टर झालं. बाई खूश होत्या. मग नेहमीसारखं अर्धा तास बाकावर थांबायला सांगितलं, वरचा ओलसरपणा जाईपर्यंत. उजवा पाय बायकोच्या पदराखाली होता, डावा माझ्या बाजूला. तिथे ते टोक परत तसंच वर आलेलं. गेला आठवडाभर आधीच्या प्लास्टरचं टोक कपड्यांत अडकत होतं, दोनदा त्याचे धागे निघाले होते. प्लास्टर अजून ओलं होतं. मी अंगठा बाटलीतल्या पाण्यानं ओला केला आणि एकदा वरून, एकदा खालून असा फिरवला. टोक बसलं. पुन्हा एकदा फिरवला तर सांधासुद्धा दिसेना. अगदी माझ्या भिंतीसारखं गुळगुळीत झालं. सिस्टरचं काम चांगलं आहे, पण शेवटचा हात फिरवायला त्यांना वेळ नसतो बिचाऱ्यांना. बायकोला दाखवणार होतो, पण तिचा डोळा लागला होता.

रविवार, २३

बोटं गुलाबी, गरम, हलतात.

आज आईला बोललो. बायको दोन रात्री जागी होती, तिला अंघोळ करायची होती. मी पोरीला आईच्या मांडीवर ठेवायला गेलो तर आईनं दोन्ही हात मागे घेतले. म्हणाली, "माझे हात थरथरतात रे." याच हातांनी ती आत्ता सुईत दोरा ओवत होती. मला राहवलं नाही. म्हणालो, तुला ही नको असेल तर तसं सांग, दुधाच्या आणि मिरच्यांच्या थापा कशाला मारतेस?

आई माझ्या डाव्या पायाकडे बघत होती. मी लुंगी वर खोचून बसलो होतो, घोट्यावरचा तो जुना वण दिसत होता. लहानपणी रांगताना पत्रा लागला होता, तो. आई कधीकधी अशीच बघत बसते, म्हातारपण आलं. जेवली नाही. मीही मनवायला गेलो नाही. आता वाईट वाटतंय, पण माझं काही चुकलंही नाही.

बुधवार, २६

मुंगी सकाळपासून रडते आहे. बोटं गुलाबी आहेत, गरम आहेत, ताप नाही. हॉस्पिटलात फोन केला. सिस्टर म्हणाल्या, बोटं आत सरकलेली नाहीत ना, मग काळजी नको, उद्या या. वरच्या मजल्यावरची शेजारीण आली आणि म्हणाली, उद्या काढायचंच आहे तर आज संध्याकाळी काढा की. रात्रभर तरी लेकराला मोकळं झोपू द्या.

खरं सांगायचं तर मलाही पटलं. बायकोचा चेहरा बघवत नव्हता. मी पाणी तापवायला उठलोसुद्धा. तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "सकाळीच."

आम्ही सगळे वळून बघायला लागलो. ती हात पुसत दारात आली. "बाईंनी सकाळी सांगितलंय ना? मग सकाळीच काढायचं. एक रात्र रडू दे तिला. मी घेते." आणि तिनं खरंच घेतलं. मांडीवर नाही, खांद्यावर टाकलं, पाय स्वतःच्या अंगाला लागणार नाहीत असे लांब धरले आणि खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहिली. या विषयावर एका दमात एवढं बोलताना मी तिला पहिल्यांदाच ऐकलं. म्हणजे ती आमचं सगळं ऐकत होती तर.

गुरुवार, २७

आजचं सगळं नीट लिहितो, नाहीतर उद्या मी ते स्वतःला वेगळंच सांगेन.

सहाला सुरुवात केली. आई चपला घालून बाहेर गेली. उजवं प्लास्टर सातला वीस कमी असताना निघालंही. डाव्याला हात घातला तर टोक सापडेना. आधी वाटलं भिजलं नसेल. आणखी पाणी ओतलं. वरून खाली, खालून वर चाचपलं. सगळीकडे गुळगुळीत. आणि मग मला गेल्या गुरुवारचा बाक आठवला, आणि माझा अंगठा. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण बायकोला सांगायला तोंड उघडेना. म्हणालो, सिस्टर गेल्या वेळी टोक सोडायला विसरल्या वाटतं.

पाणी गार झालं, बदललं. परत गार झालं, परत बदललं. पोर रडून रडून दमली. बायकोनं तिला टॉवेलात गुंडाळून मध्येच पाजलं. मी नखानं एका ठिकाणी उकरायला गेलो तर वरचा थर लगद्यासारखा निघाला आणि खालची जाळी जिथल्या तिथे. काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी गत. साडेसात झाले. आठ झाले. आम्ही पावणेआठची बस धरतो. प्लास्टर विभाग अकराला बंद होतो आणि मग थेट पुढच्या गुरुवारी. उजवा पाय मोकळा होऊन तास उलटून गेला होता आणि मला सारखं वाटत होतं की तो आत वळायला लागला आहे. आठवडाभर असाच राहिला तर तीन आठवड्यांचं सगळं पाण्यात.

मी कामाची पिशवी आणली आणि कटर काढला. नवं पातं घातलं. बायको म्हणाली, नको. मी म्हणालो, फक्त वरच्या थराला चीर देतो, टोक सापडण्यापुरती. ती परत नको म्हणाली, मग घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाली, "अगदी हळू कराल ना?"

तेवढ्यात मोरीच्या दारात आई उभी. हातात पिशवी, पिशवीत काहीच नाही.

"ठेव ते," ती म्हणाली.

मी म्हणालो, आई, वेळ नाही. भिंतीवर चिकटलेला ब्रशचा केस मी याच पात्यानं काढतो, खाली ओरखडा येत नाही. माझा हात तुला माहीत आहे.

"माझाही हात चांगलाच होता," आई म्हणाली. "तुझ्या घोट्याला पत्रा नव्हता लागला. सुरी होती. माझ्या हातात होती."

ती खाली बसली, टबाशेजारी, ओल्या फरशीवर. आणि अगदी साध्या आवाजात सांगितलं, भाजी काय केली ते सांगावं तसं. मी दीड महिन्याचा होतो. मलाही प्लास्टर होतं, तिसरं. चार दिवस मी रडत होतो. बाबा कामासाठी बाहेरगावी गेले होते, घरात दुसरं कुणी नव्हतं. तिला वाटलं, लेकराला थोडं मोकळं करू. पाण्यात भिजवायचं तिला कुणी सांगितलं नव्हतं. कोरड्या प्लास्टरवर तिनं सुरी चालवली आणि ती आत घसरली. रक्त थांबेना. थांबलं तेव्हा तिनं फडकं बांधलं, आणि डॉक्टर रागावतील म्हणून त्या आठवड्यात गेली नाही. मग पुढच्या आठवड्यात आणखी भीती. बाबा महिन्यानं परत आले तोवर पाय होता तसा झाला होता.

"तुझे बाबा म्हणाले, झालं ते झालं. आणि सगळ्यांना सांगत सुटले की यावर इलाजच नाही. मला कुणी बोल लावू नये म्हणून. तुलाही तेच सांगितलं. तू त्यांच्याशी शेवटपर्यंत नीट बोलला नाहीस, तेही त्यांनी गिळलं. मी दहादा सांगायला निघाले. ते म्हणायचे, त्याला बापाचा राग आलेला चालेल, आईचा नको."

मी कटरचं पातं आत सरकवलं. मला काय वाटलं ते मला अजून लिहिता येत नाही. बायको रडत होती. मुंगी मात्र आजीकडे टक लावून बघत होती.

आईनं बाह्या वर केल्या आणि हात पाण्यात घातले. थरथरत होते खरंच. प्लास्टरवरून बोटं फिरवून ती थांबली आणि म्हणाली, "इथं कुणी हात फिरवलाय?"

"मी," मी म्हणालो. "टोक बरं दिसत नव्हतं."

बायकोनं माझ्याकडे बघितलं. आई मात्र हसल्यासारखी झाली. म्हणाली, दोघंही सारखेच, आपल्याच हातावर विश्वास जास्त. मग तिनं अंगठ्यानं मांडीच्या बाजूचं पांढरं पाणी धुवायला सुरुवात केली. उकरलं नाही, फक्त घासून घासून धुतलं. मी पाणी ओतत राहिलो, ती धूत राहिली. हळूहळू वरची साय निघून गेली आणि खालच्या जाळीचे दोरे दिसायला लागले. सगळे एका दिशेनं जात होते, आणि एके ठिकाणी एक तिरकी रेघ. आईनं तिथे नख लावलं. नऊला दोन मिनिटं कमी होती. टोक सुटलं.

बाकीचं तिनंच उलगडलं. मला हात लावू दिला नाही.

आम्ही चौघंही गेलो. दुसरी बस रखडली. पोचलो तेव्हा अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती आणि सिस्टर ॲप्रन काढून घडी घालत होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं, विसरल्या म्हणून त्यांच्यावर ढकललं होतं तेही सांगितलं. त्यांनी विचारलं, काय काम करता? मी म्हणालो, पुट्टी लावतो. त्या माझ्याकडे बघत राहिल्या, मग हसल्या आणि घडी मोडून ॲप्रन परत घातला. बाईंना आतून बोलावलं. उजवा पाय किंचित ढिला पडला होता, पण आजच प्लास्टर होतंय म्हणून काही बिघडलं नाही, असं बाई म्हणाल्या. माझ्या जिवात जीव आला. सिस्टरनी दोन्ही टोकं नेहमीपेक्षा मोठी सोडली, शेजारी निळ्या पेनानं बाण काढले आणि मला म्हणाल्या, "अर्धा तास हात खिशात."

मी अर्धा तास हात खिशात घालून बसलो. आईच्या मांडीवर मुंगी झोपली होती.

शुक्रवार, २८

बोटं गुलाबी, गरम, हलतात. हे बायकोनंच भरलेलं होतं, मी आता बघितलं.

कामावर लक्ष लागलं नाही. एक कोपरा तीनदा केला. सारखे बाबा आठवत होते. ते आजारी होते तेव्हा मी औषधं आणून द्यायचो, पण शेजारी बसायचो नाही. एकदा त्यांनी माझ्या पायावरून हात फिरवला तर मी पाय ओढून घेतला होता.

आईशी काय बोलावं कळत नाही. राग आला पाहिजे असं वाटतं, आणि येत नाही. संध्याकाळी तिच्यासाठी चहा केला. ती म्हणाली, साखर जास्त झाली. प्यायली मात्र सगळा.

गुरुवार, ४

आई आज दूध आणायला गेली नाही. टबाशेजारी पाट घेऊन माझ्याही आधी बसली होती. मी एक पाय, ती एक पाय. ती माझ्याआधी उरकते आणि मग माझ्याकडे बघत बसते, ते मला आवडत नाही. बस धरायला पाऊण तास हातात होता. पोरीचे तळवे आता एकमेकांकडे बघत नाहीत, खाली बघतात. पाचवं प्लास्टर झालं.

गुरुवार, ११

आज टाचेमागची शीर सैल करायला बाईंनी बारीकसा छेद दिला. आम्हाला बाहेर बसवलं होतं. आत ब्लेड असणार हे आईला माहीत होतं. तिनं माझं मनगट धरलं ते दार उघडेपर्यंत सोडलं नाही, अजून वळ आहेत. आत फार तर दहा मिनिटं लागली. आता हे प्लास्टर तीन आठवडे, आणि मग मधल्या पट्टीनं जोडलेले बूट. ते मात्र काही वर्षं, आधी दिवसभर, नंतर फक्त झोपताना. त्यात कंटाळा केला तर पाय परत वळतो, असं बाईंनी बजावलं. आई म्हणाली, "मी आहे ना."

गुरुवार, १

शेवटचं प्लास्टर. आईनंच दोन्ही काढली, मी फक्त पाणी ओतलं. तीन आठवड्यांचं प्लास्टर असूनही पंचवीस मिनिटांत निघालं. पाय सरळ आहेत. मी आडवे, उभे, डोळा बारीक करून भिंत बघतो तसे बघितले. सरळ आहेत. बायको पोरीला पुसायला, कपडे घालायला आत घेऊन गेली.

बसला तासभर होता. मी टब उचलायला वाकलो तर आई म्हणाली, "राहू दे. पाणी गरम आहे अजून. पाय दे तुझा."

मी म्हणालो, आता माझ्या पायाचं काय? ती म्हणाली, दे. डावा. मी पाटावर बसलो आणि दिला. या पायाला मी कुणाला हात लावू देत नाही, बायकोलाही नाही. आईनं तो पाण्यात घेतला आणि धुतला, बोटांच्या मधून, टाचेखालून, जिथे मी चालतो त्या कडेवरून. वणावर आली तेव्हा थांबली. अंगठा तिथेच ठेवून बराच वेळ बसली. मी पाय ओढून घेतला नाही.

मग तिनं माझा अंगठा चिमटीत धरून दाबला, मुंगीचा दाबतो तसा, आणि सोडला. खाली वाकून बघायला लागली. तिला आता जवळचं नीट दिसत नाही.

"आला का रे रंग परत?" तिनं विचारलं.

"आला," मी म्हणालो.

हॉस्पिटलातून आल्यावर वहीचं पुढचं पान उघडलं. प्लास्टर नाही म्हणजे आजपासून रकाने भरायचे नाहीत. तरी शेवटच्या ओळीखाली आणखी एक ओळ लिहिली. मुंगीची नाही. डावा पाय: बोटं गुलाबी, गरम, हलतात.